स्वरतंतू की स्वरपट्ट्या?

प्रश्न असा आला आहे: कान-नाक-घसा तज्ज्ञ 'स्वरपट्ट्यांना सूज आहे' म्हणाले, वर्तमानपत्रं मात्र 'स्वरतंतू' लिहितात. हे दोन वेगळे अवयव आहेत का?

अवयव एकच. दोन्ही शब्द रूढ आहेत, पण मी स्वतः 'स्वरपट्ट्या' लिहितो, कारण स्वरयंत्रात तारेसारखं ताणलेलं काही नसतंच.

तंतूची कल्पना फ्रान्समधली. १७४१ मध्ये आंत्वान फेरँ या शरीररचनेच्या अभ्यासकाने मृत शरीरांतून काढलेल्या स्वरयंत्रांत हवा फुंकून आवाज काढून पाहिला. त्यावरून त्याने मांडलं की आतल्या कडा म्हणजे तंतुवाद्याच्या तारा आणि फुप्फुसांतून येणारी हवा म्हणजे गज. त्याने दिलेलं नाव इंग्रजीत 'व्होकल कॉर्ड्स' म्हणून टिकलं, आणि आपले 'स्वरतंतू', 'स्वररज्जू' त्याच वळणाचे आहेत.

जिवंत गळा आतून नीट दिसायला पुढे शंभरावर वर्षं गेली. आणि तो पाहिला एका गायनशिक्षकाने! मॅन्युएल गार्सियाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा पडजिभेशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचं स्वरयंत्र उघडताना-मिटताना पाहिलं. १८५५ मध्ये ही निरीक्षणं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली गेली.

आज जे कळलं आहे ते तारेच्या कल्पनेत बसत नाही. या दोन घड्या आहेत: आत स्नायू, त्यावर मऊ थर, सर्वांत वर पातळ आवरण. आवरण आतल्या स्नायूवर सैलपणे सरकतं, हे जपानच्या मिनोरू हिरानोंनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं. मिटलेल्या घड्यांना खालची हवा उघडते, त्या लवचीकपणामुळे आणि वाहत्या हवेच्या ओढीने पुन्हा मिटतात. पुरुषांच्या बोलण्यात सेकंदाला शंभरावर वेळा, स्त्रियांच्या साधारण दोनशे वेळा. सूज आली की आवरण जड होतं, कडा नीट जुळत नाहीत, फटीतून हवा निसटते. आवाज बसतो तो असा.

आपल्याकडे याची जाण फार जुनी आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्य हा वैदिक उच्चारांवरचा प्राचीन ग्रंथ सांगतो की कंठ मिटलेला असता नाद होतो, उघडा असता श्वास, आणि मधल्या स्थितीत हकार. गळ्यावर बोट ठेवून आधी 'स्स्स' म्हणा, मग 'म्म्म'. दुसऱ्या वेळी बोटाला जी थरथर लागते तोच नाद, व्याकरणातला घोष. तारेचा उल्लेखही न करता केवढं नेमकं वर्णन!

'स्वरपट्टी'ला एक अडचण आहे. गाणाऱ्यांच्या तोंडी 'पट्टी' म्हणजे गाण्याचा आधारसूर, जसं काळी चार, पांढरी पाच; पेटीच्याही पट्ट्याच. म्हणून संगीतावरच्या लेखात पहिल्यांदा 'स्वरयंत्रातल्या पट्ट्या' असं उलगडून लिहावं.

आणि 'घसा बसला' चुकीचं का, असंही विचारलं आहे. मुळीच नाही, तो रुळलेला वाक्प्रचार आहे. फक्त डॉक्टरांना सांगताना घसा दुखतोय की आवाज बसलाय ते वेगळं सांगा. गिळताना दुखणं बहुधा घशाचं, आवाज बदलणं स्वरयंत्राचं.