लॉबीच्या दाराला कार्ड बसवताना कोटेशनमध्ये काय बघायचं

तुमच्या बोरिवलीच्या सात मजली विंगमध्ये लॉबीच्या चाव्या कोणाकोणाकडे आहेत याचा पत्ता नाही, म्हणून कमिटी कार्ड आणि बोटाचं मशीन बसवतेय, असं तुम्ही लिहिलंय. कार्ड जरूर बसवा. भाडेकरू कार्ड न देता गेला तरी नंबर रद्द केला की झालं. कुलूप असतं तर ते बदलून घरोघर नव्या चाव्या वाटत बसला असतात. माझ्या मते खरा फायदा हाच, बाकी सगळं ब्रोशर.

आता कोटेशन काढा. त्यात १२५ किलोहर्ट्झचं कार्ड असेल तर ते परत पाठवा. ते कार्ड रीडरला दरवेळी तोच नंबर सांगतं. स्वस्तातल्या कॉपी मशीनवर त्याचं जुळं मिनिटभरात तयार होतं. मायफेअर क्लासिक या दुसऱ्या प्रकारच्या कार्डाचं एन्क्रिप्शन २००८ मध्येच फोडलं गेलंय. डेसफायर प्रकारचं कार्ड मागा, आणि रीडर कार्डातला नुसता उघडा ओळख-नंबर वाचून दार उघडणार नाही, हे लिहून घ्या. नाहीतर महागडं कार्ड घेऊनही पाणी तिथंच मुरणार.

दुसरं म्हणजे डबी. स्वस्त मशीनमध्ये कार्ड वाचणारा रीडर आणि कुलूप उघडणारा कंट्रोलर एकाच डबीत, तीही दाराबाहेर. स्क्रू काढले की हातात थेट कुलपाची वायर, आणि मॅग्नेटिक लॉकची वीज तोडली की दार उघडंच. कंट्रोलर आत, कुलूपबंद पेटीत हवा. बाहेर फक्त रीडर.

वीज गेल्यावर लॉक सुटतं हा दोष नव्हे, आग लागली तर माणसं बाहेर पडायला हवीत. आतलं एक्झिट बटण थेट लॉकची वीज तोडणारं घ्या, फायर अलार्मही त्याला जोडा. गच्चीच्या दारालाही हाच नियम. एरवी वीज गेल्यावर दार बंद राहावं म्हणून बॅटरी: लॉक साधारण अर्धा अँपिअर घेतं, म्हणजे ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १४ तास. जुनी झाली की त्याच्या निम्मेही धरू नका.

बोटाच्या मशीनला माझा सरळ नकार. धुणंभांडी करणाऱ्या मावशींची बोटं झिजलेली, ओली. सकाळी सात वाजता दारात गर्दी होणार आणि शेवटी वॉचमनच दार उघडून धरणार. शिवाय कार्ड बदलता येतं, बोट नाही. त्यांनाही कार्डच द्या, वेळ ठरवून.

आणि हो, पैसे चुकते करण्याआधी अ‍ॅडमिन पासवर्ड बदलून घ्या. बसवणाऱ्याचा पोरगा बहुतेक वेळा १२३४५६ ठेवून जातो.