नवीन स्प्लिट एसी बसवताना अर्धा तास व्हॅक्यूम टिकला, म्हणजे पाईपांत गळती नाही असं समजायचं का?

नाही. मेकॅनिकने व्हॅक्यूम पंप लावून पाईपातली हवा ओढून काढली हे मात्र बरं केलं, कारण आउटडोअरमधलाच थोडा गॅस सोडून पाईपातली हवा हाकलायची आणि मोकळं व्हायचं, असं करणारे कमी नाहीत. पण "काटा हलला नाही, म्हणजे लीक नाही" हे तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं मला पटत नाही. मी याच कामात आहे, आणि व्हॅक्यूमला मी गळतीची परीक्षा मानत नाही.

हिशेब बघा. व्हॅक्यूममध्ये जोडावर फार तर बाहेरच्या हवेचा दाब पडतो, १४.७ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), तोही बाहेरून आत. आर-३२ किंवा आर-४१०ए हे गॅस ३० अंशांना, एसी बंद असतानासुद्धा, आतून साधारण २६० पीएसआयने ढकलत असतात. पहिल्या दाबाला टिकलेला जोड दुसऱ्यालाही टिकेल याची हमी कोण देणार? शिवाय साध्या गेजच्या काट्यावर बारीक फरक दिसतच नाही, त्याला मायक्रॉन गेज लागतो, म्हणजे अगदी बारीक दाब मोजणारा गेज; आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम खोल. व्हॅक्यूमचं खरं काम पाईपातली हवा आणि ओल काढणं. ५०० मायक्रॉनच्या खाली उतरलं की पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडते. ओल आत राहिली तर कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून ॲसिड तयार होतं.

गळती तपासायची ती नायट्रोजनने, आणि व्हॅक्यूमच्या आधी. आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंदच ठेवायचे, सर्व्हिस पोर्टमधून (आउटडोअरच्या व्हॉल्व्हवरचं गेज-पंप जोडायचं तोंड) रेग्युलेटर लावून टप्प्याटप्प्याने दाब चढवायचा आणि युनिटच्या पाटीवर दिलेल्या कमाल दाबापुढे जायचं नाही. मी या गॅसच्या युनिटला सहसा ४०० पीएसआयच्या आसपास थांबतो. मग सगळ्या नटांना साबणाचा फेस, आणि वेळ असेल तर रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी काटा थोडा खाली दिसला तर लगेच घाबरू नका: ४०० पीएसआयला तापमान १० अंशांनी उतरलं की दाब गळती नसतानाही सुमारे १४ पीएसआयने कमी होतो. नायट्रोजन मिळाला नाही म्हणून कोणी ऑक्सिजन लावू लागला तर सरळ हात धरून थांबवा. तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

गळती बहुतेक वेळा फ्लेअरवरच सापडते, म्हणजे नटाखाली दाबून बसवायला पाईपाचं टोक फुलवलेलं असतं तिथे. पाईप कटरने कापल्यावर आतल्या कडेला तांब्याची बारीक धार उरते, ती रीमरने काढावी लागते. काढताना पाईपाचं तोंड खाली हवं, नाहीतर कीस आत जातो. धार तशीच ठेवून फ्लेअर केला की तोंडावर ओरखडा किंवा चीर येते, आणि मग नट कितीही आवळा, उपयोग नाही. उलट जास्त आवळल्याने तांबं पातळ होऊन फाटतं. दोन सुती (पाव इंची) पाईपाच्या नटाला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात, तीन सुतीला ३४ ते ४२, चार सुतीला ४९ ते ६१. हे मोजायला टॉर्क पाना असतो. आधी नट हाताने फिरवत न्यायचा. दोन-तीन आट्यांतच अडला तर पाईप तिरका बसलाय, पाना लावू नका.

आता तुमचा एसी चालू आहे, गॅस आत आहे, म्हणजे नायट्रोजनची वेळ गेली. तरी तपासता येतं, फक्त एसी बंद करून. स्प्लिटमध्ये गॅसचा दाब उतरवणारी कॅपिलरी (केसासारखी बारीक नळी) किंवा व्हॉल्व्ह बहुधा आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे कूलिंग चालू असताना इनडोअरकडे जाणाऱ्या दोन्ही पाईपांत कमी दाब असतो आणि बारीक गळती लपते. बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा होईल. मग भांड्यांच्या लिक्विडचं दाट पाणी ब्रशने चारही नटांना मागच्या बाजूनेही लावा. मोठा बुडबुडा शोधत बसू नका. बारीक गळतीत मिनिटभराने नटाच्या कडेला पांढरा, मोहरीहून लहान कणांचा फेस जमू लागतो. मागची बाजू दिसत नसेल तर मोबाईलचा कॅमेरा घाला. झाल्यावर साबण पुसून टाका. सर्व्हिस पोर्टचं टोपण काढून तिथेही एक थेंब सोडा, आतली पिनही गळते. व्हॉल्व्हची टोपणं हाताने नव्हे, पान्याने आवळलेली हवीत.

इनडोअरचे जोड इन्सुलेशन आणि टेपखाली असतात, तेवढा भाग सोडवावा लागेल. तिथे तेलकट डाग दिसला तर फेसाचीही गरज नाही. गॅसबरोबर तेल बाहेर येतंच. अशा वेळी नुसता गॅस भरून घेऊ नका. आधी फ्लेअर कापून नवा करायला लावा, नायट्रोजन आणि व्हॅक्यूम दोन्ही तुमच्यासमोर होऊ द्या, आणि गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरायला सांगा.