नोंद झालीच पाहिजे

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. ज्या मुलावर तुझं प्रेम आहे त्याला बर्लिनची नोकरी चालून आली आहे, तुझी आई स्थळं बघते आहे, आणि तू मला विचारतोस, ‘काका, आमचं एकमेकांवर प्रेम आहे ना, मग सरकारच्या शिक्क्याचं एवढं काय घेऊन बसायचं?’ बाकीचा गोंधळ मला समजतो, तुझ्या जागी तो कुणाचाही झाला असता. ह्या प्रश्नाने मात्र माझं डोकं फिरलं, आणि ते शांत व्हायची वाट न बघता मी लिहायला बसलो आहे.

माझी सगळी नोकरी नोंदणी खात्यात गेली हे तुला माहीत आहे. त्यातली बरीच वर्षं विवाह नोंदणीच्या टेबलावर. विशेष विवाह कायदा, १९५४ चा. नोटीस द्यायची, ती कार्यालयातल्या फलकावर लागते, ३० दिवस थांबायचं, कायदेशीर हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर सह्या. त्या नोटिशी काचेच्या फलकात मी लावायचो. पावसाळ्यात टाचण्या गंजायच्या आणि कागदाला तांबडे डाग पडायचे. एखाद्या मुलीचा भाऊ किंवा चुलता येऊन मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढून न्यायचा, आणि त्या क्षणापासून मला त्या मुलीची काळजी लागायची. शेवटी सह्या झाल्या, की घर सोडून आलेल्या बहुतेक मुली एकच प्रश्न विचारायच्या: ‘साहेब, दाखल्याच्या किती प्रती मिळतील?’ एक पोलीस ठाण्यात द्यायला, एक मैत्रिणीकडे ठेवायला, एक स्वतःजवळ. हार घालायच्याही आधी हे विचारायच्या. प्रेम त्यांच्याकडे होतंच की. त्यांना प्रत हवी होती.

त्या मुलींना जे कळत होतं ते तुला, चांगल्या पगाराच्या, इंग्रजी शिकलेल्या मुलाला का कळू नये? जमीन पिढ्यान्‌पिढ्या एकाने कसावी आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर असावा, तसं बिननोंदीचं नातं असतं. कष्ट तुमचे, हक्क भलत्याचा. म्हणून सांगतो, नोंद हवी. प्रेमाला नको असेल, पण संसाराला हवी.

माझ्या माणसाबद्दल तुला थोडंच माहीत आहे, मी फारसं कधी बोललो नाही. तो पिंपरीला एका कंपनीत होता. आम्ही त्याच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहायचो, हप्ते दोघांच्या पगारातून जायचे. त्याची आई गावाकडून आली ती आमच्याकडेच राहिली. तिने मला कधी काही विचारलं नाही आणि मीही तिला काही समजावलं नाही. सकाळी दोन डबे भरायची, दोन्हींत भाजी सारखी. २०११ मध्ये तो अचानक गेला. मृत्युपत्र हा शब्दच त्याला घरात खपायचा नाही, त्यामुळे ते नव्हतं.

त्याच्या भविष्यनिर्वाह निधीवर माझं नाव लागूच शकत नव्हतं. त्या योजनेत कुटुंब कुणाला म्हणायचं हे ठरलेलं आहे: पुरुष सभासद असेल तर बायको, मुलं, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील, वारलेल्या मुलाची बायको आणि मुलं. असं कुटुंब हयात असताना बाहेरच्या माणसाचं नाव लिहिलं तर ते नामनिर्देशनच रद्दबातल. मी बाहेरचा. घराचंही तेच. हिंदू वारसा कायद्यात बिनलग्नाच्या मुलाची पहिल्या वर्गातली वारस त्याची आई, म्हणून फ्लॅट तिचा झाला. ती माउली देवमाणूस. म्हणाली, हे घर तुझंच आहे, तुझ्या नावावर करून टाकते. तेही सोपं नव्हतं. आज महाराष्ट्रात नवऱ्याने राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, परक्याला दिलं तर बाजारभावावर टक्क्यांनी भरावं लागतं. वर प्राप्तिकराचं आहेच, नातेवाईक नसलेल्या माणसाकडून ५० हजारांच्या वरची भेट आली की ते उत्पन्न धरतात. शेवटी तिने मृत्युपत्र केलं. ती गेल्यावर तिच्या धाकट्या मुलाने सोसायटीच्या ऑफिसात येऊन, चहासुद्धा न घेता, माझ्या बाजूने सही केली.

ही गोष्ट मी जवळच्या लोकांना सांगतो तेव्हा ते म्हणतात, किती चांगली माणसं! होतीच. पण मला त्या चांगुलपणाचं ओझं अजून वाटतं. मी जिथे झोपतो ते छप्पर एका म्हातारीच्या आणि तिच्या मुलाच्या मनाच्या मोठेपणामुळे माझ्या डोक्यावर आहे, आणि हे मला मान्य नाही. माझ्या शेजारच्या बाईला नवरा गेल्यावर कुणाच्या मोठेपणाची वाट बघावी लागली नाही. तिच्या दिराचा स्वभाव कसा आहे हे कुणी विचारलंसुद्धा नाही. तिच्याकडे नोंद होती.

तू म्हणतोस, ‘घरच्यांना आज ना उद्या समजेल.’ समजू दे. तुझी आई समजूतदार असेल, त्याची नसेल. तुमचा हक्क आयांच्या समजुतीवर टांगायचा का?

आता न्यायालयाचं. आपल्यासारख्यांच्या, म्हणजे समलिंगी जोडप्यांच्या लग्नाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल मी त्या दिवशी टीव्हीसमोर बसून ऐकला. पाचही न्यायमूर्ती म्हणाले की लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात आम्ही बदल करू शकत नाही. लग्नाऐवजी निदान नागरी जोडणीला, म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याच्या नात्याला, मान्यता द्यावी, असं चंद्रचूड आणि कौल म्हणाले, पण भट, कोहली आणि नरसिंह ह्यांचं बहुमत ३ विरुद्ध २ ने वेगळं पडलं. चेंडू संसदेकडे गेला. ९ जानेवारी २०२५ ला फेरविचार याचिकाही फेटाळल्या. ह्याच प्रश्नासाठी नेमलेल्या कॅबिनेट सचिवांच्या समितीतून २०२४ मध्ये काही पत्रकं निघाली. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, शिधापत्रिकेसाठी दोघांना एक कुटुंब धरा, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेऊ द्या. ह्या शेवटच्या सवलतीतली अट नीट वाच. नातेवाईक नसतील तर. माझ्या माणसाला भाऊ होता. म्हणजे मी पुन्हा रांगेत मागेच.

नॉमिनी झालो म्हणजे झालं, अशाही भ्रमात राहू नकोस. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या शेअरबाबत हेच पुन्हा ठणकावलं. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, ते खरे वारस ठरेपर्यंत. पत्रकं ही साहेबाची मर्जी असते रे. उद्या साहेब बदलला की पत्रक बदलतं. मी तीस-पस्तीस वर्षं पत्रकांवर काढली आहेत, मला विचार. कायद्यातली नोंद वेगळी, ती पुसायला संसदेत उभं राहून कारण सांगावं लागतं.

‘समाज अजून तयार नाही’ हे तू तुझ्या मामाचं वाक्य म्हणून लिहिलंस, पण मला वाटतं ते तुझ्याही मनात मुरलं आहे. समाज तयार झाल्यावर कायदा आला असं आपल्या मुलखात कधी झालं? विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला १८९३ मध्ये, आणि तेव्हाही मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. ३७ वर्षांत गाव तयार झालं नव्हतं. पण त्या गोदूबाईंना, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाईंना, कर्व्यांची बेकायदा बायको म्हणायची कुणाची टाप नव्हती. गाव पंगतीतून उठवू शकत होतं, पत्नीपणावरून नाही. कायदा एवढंच करतो आणि तेवढंच पुरे असतं. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्नांना कायद्याने मान्यता दिली तेव्हा त्यांनी गावोगावच्या पाटलांची मतं मागवली होती का? विठ्ठलभाई पटेलांचं तशाच विषयावरचं विधेयक तिकडे इंग्रजांच्या मुलखात अडकून पडलं होतं, इकडे महाराज मोकळे झाले.

आणि आपल्या लग्नाची मागणी हे शहरातल्या सुखवस्तू लोकांचं खूळ आहे, असं केंद्र सरकारने न्यायालयात लिहून दिलं तेव्हा तर मी टीव्ही बंद केला. माझ्या टेबलासमोर खेड्यातल्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. एकीच्या हातावर शेतातल्या कामाचे घट्टे. ‘आमची नोटीस घेता का?’ एवढंच विचारलं. कायद्यात मुलगा २१ चा आणि मुलगी १८ ची असं लिहिलंय, फॉर्मवर एक रकाना वराचा, एक वधूचा. मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो, त्या खुर्चीत बसून? त्या गेल्या, आणि कुठे गेल्या हे मला कधी कळलं नाही. सुखवस्तू माणसं वकील करतात, मृत्युपत्रं करतात, बर्लिनला जातात. नोंद लागते ती ह्या मुलींना.

लग्नसंस्थाच पुरुषप्रधान, ती आपल्याला हवीच कशाला, असं म्हणणाऱ्या तुझ्या त्या मित्राला सांग, ती पुरुषप्रधान आहे हे मला मान्य आहे. सात फेरे, कन्यादान, हुंडा, सगळं माझ्यासमोर घडलंय. पण कायद्याचं लग्न हे फेऱ्यांपुरतं नसतं. त्यात घटस्फोट असतो, पोटगी असते. दोघांतला एक कमावतो, दुसऱ्याने घरातल्या आजाऱ्यासाठी नोकरी सोडलेली असते, आणि पंधरा वर्षांनी पटेनासं होतं. नोंद नसेल तर दुसरा पिशवी उचलून बाहेर. अशी जोडपी मी पाहिली आहेत. तुझ्या मित्राला लग्न नको असेल तर त्याने करू नये. नाकारायला तरी ते आधी समोर यावं लागतं ना? आज तो जे नाकारतो आहे ते त्याला कुणी देऊ केलेलंच नाही.

मागे एकदा तू विचारलं होतंस की नोकरीत असताना तुम्ही का बोलला नाहीत. तेव्हा मी विषय बदलला. आता सांगतो. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आपल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपल्याला सोडवलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा अडकवलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सुटका झाली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. ह्या काळात मी तोंड उघडलं असतं तर आधी टेबल गेलं असतं. माझ्या जागी कोण आला असता? ‘आधी आईवडिलांना घेऊन ये’ असं सांगून मुलींना परत पाठवणारा. असे होते आमच्यात, मी नावं घेत नाही. माझ्या टेबलावरून कायद्यात बसणारं एकही जोडपं परत गेलं नाही. त्यांच्या नोंदी मी माझ्या अक्षरात केल्या आहेत, आणि त्या रजिस्टरमध्ये आहेत. मी गप्प राहून काय केलं हे ज्याला बघायचं असेल त्याने ती रजिस्टरं काढून बघावीत. त्याबद्दल मला कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, तुझंही नाही.

बर्लिन. जा. खरंच जा. जर्मनीत १ ऑक्टोबर २०१७ पासून तुमच्यासारख्यांचं लग्न होतं, ते करा, दाखला घ्या. मुंबईच्या विमानतळावर उतरलात की इथल्या कायद्याला तुम्ही पुन्हा दोन अविवाहित पुरुष, हे लक्षात ठेवा. पण तो दाखला फाडू नका, लपवू नका. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून हे कायद्याने सुरू झालं, शेजारच्या नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंद झाली. हे दूरदेशीचं राहिलेलं नाही. इथेही संसदेला आज ना उद्या हात घालावा लागेल, आणि त्या दिवशी दाखवायला हातात कागद असलेली माणसं लागतील.

आईने बघितलेल्या मुलीला मात्र होकार द्यायचा नाही. ‘तोंडदेखलं करून टाकू, नंतर बघू’ हा शब्द पुन्हा माझ्यासमोर काढलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. त्या मुलीने तुझं काय घोडं मारलंय? एका खोट्या नोंदीने तीन माणसांची आयुष्यं नासतात.

तो जायच्या आत ही कामं उरकायची. दोघांनी वेगवेगळं मृत्युपत्र करायचं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण तू नोंदणी करायचीस. साक्षीदार दोन, आणि सही त्यांच्या डोळ्यांदेखत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे आपला प्रतिनिधी म्हणून कुणाही सज्ञान व्यक्तीचं नाव लिहून देता येतं, ते एकमेकांचं द्या. बँकेत संयुक्त खातं उघडा, आणि मॅनेजर कां-कूं करायला लागला तर ऑगस्ट २०२४ चं पत्रक त्याच्यापुढे ठेव. पीएफचा नामनिर्देशनाचा फॉर्म काढून बघ, तुझी आई तुझ्यावर अवलंबून आहे की नाही त्यावर सगळं ठरतं. रविवारी ये, त्याला घेऊन ये, दोघांचे आधार आणि फ्लॅटचा करारनामा बरोबर आण. मसुदा मी लिहून ठेवतो. साक्षीदार म्हणून माझ्या जुन्या ऑफिसातले दोघे येतील, विश्वासाचे आहेत. अकराच्या आत या, म्हणजे जेवायच्या आधी सह्या होतील.

तुझा,
काका