वाचकांचे प्रश्न : बाबांच्या खिशातलं केळं

प्रश्न : लेक सहा वर्षांची आहे, तिला अँथनी ब्राऊन ह्या ब्रिटिश लेखक-चित्रकाराचं 'गोरिला' हे चित्रपुस्तक वाचून दाखवतोय. गोष्ट पाच मिनिटांची, पण ती पान उलटूच देत नाही, चित्रात काहीतरी शोधत बसते. मी वाचतोय तिकडे लक्षच नाही. तिला वाचनाची गोडी नाही असं समजायचं का? आणि ह्या माणसाच्या पुस्तकांत जिथे तिथे गोरिलाच का?
– एक बाबा

उत्तर : अहो बाबा, पुस्तक तीच वाचतेय, तुम्ही नुसती अक्षरं वाचताय! रागावू नका, पण ह्या पुस्तकात अर्धी गोष्ट शब्दांत नाहीच आहे. सुरुवातीचं नाश्त्याचं चित्र परत काढून बघा. गोष्टीतली मुलगी हॅना आणि तिचे बाबा समोरासमोर बसलेत पण मध्ये बाबांचा पेपर, किचन निळसर, थंडगार, सगळं कसं जागच्या जागी. बाबांना वेळ नाही एवढंच शब्द सांगतात, त्या घरात किती गारठा आहे ते रंग सांगतात. मग तिची टीव्हीसमोरची अंधारी खोली बघा, उजेड काय तो टीव्हीचा. आणि पुढे रात्री तिचा खेळण्यातला गोरिला खराखुरा होतो, त्याच्याबरोबर ती खायला बसते तेव्हा टेबल गच्च भरलेलं, रंग एकदम उबदार.

त्या गोरिलाला बाबांचा कोट आणि हॅट अगदी मापात बसते, हे लेकीच्या लक्षात आलं असणारच, तुमच्या आलं का? शेवटी सकाळी बाबा विचारतात झूला जायचं का, तेव्हा त्यांच्या मागच्या खिशात केळं आहे. त्याबद्दल अख्ख्या पुस्तकात एक शब्द नाही. म्हणजे रात्रीचा गोरिला कोण होता, स्वप्न होतं की काय होतं, हे ज्याने केळं पाहिलं त्यानेच ठरवायचं.

आता गोरिलाच का. ब्राऊनचा जन्म १९४६चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. वडील पब चालवायचे, अंगाने दांडगे, बॉक्सिंग केलेले, आणि तोच माणूस पोरांबरोबर बसून चित्रं काढायचा. अँथनी १७ वर्षांचा असताना ते गेले. बाहेरून भीती वाटेल असा धिप्पाड आणि आतून मऊ, म्हणून गोरिला बघितला की वडील आठवतात असं त्याने स्वतःच सांगितलंय. (एवढं प्रेम असून एकदा टीव्हीच्या शूटिंगसाठी गोरिलाच्या पिंजऱ्यात गेला तर गोरिला त्याच्या पायाला कडकडून चावला, ते वेगळं.) आणि बऱ्याच वर्षांनी आईकडच्या एका जुन्या सुटकेसमध्ये वडिलांचा चौकड्यांचा ड्रेसिंग गाऊन सापडला, त्यातून २००० साली 'माय डॅड' आलं. त्यातले बाबा काहीही होतात, घोडा काय, मासा काय, पण तो चौकड्यांचा कपडा काही अंगावरून जात नाही. 'गोरिला'नंतर लगेच हेच घ्या.

प्रश्न : चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलांची चित्रपुस्तकं करायचीयत, घरचे म्हणतात आधी पोटापाण्याचं बघ. मोठमोठे अवॉर्ड मिळालेले इलस्ट्रेटर थेट ह्याच कामाला लागले होते का?

उत्तर : वर ब्राऊनचा विषय निघालाच आहे तर त्याचंच सांगते. लीड्सला ग्राफिक डिझाईन शिकला आणि पहिली धड नोकरी लागली ती मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये, मेडिकल इलस्ट्रेटर म्हणून. ऑपरेशनची चित्रं काढायची. फोटो का नाही, तर फोटोत सगळं रक्त आणि चिकचिकाट दिसतो, नेमकं कुठे काय कापलं ते कळत नाही, ते चित्रात स्वच्छ दाखवता येतं. नको ते गाळायचं, हवं ते समजेल असं मांडायचं, टप्प्याटप्प्याने, म्हणजे गोष्टच की ती! जलरंगावरचा हातही तिथेच बसला. तीनेक वर्षांनी कंटाळा इतका आला की त्या आतड्या-बितड्यांच्या चित्रांत चिमुकली माणसं शिरायला लागली, मग म्हणे आता निघालेलं बरं. पुढे ग्रीटिंग कार्डं रंगवली, त्यावर पोट चाललं, आणि १९७६ साली पहिलं पुस्तक आलं, 'थ्रू द मॅजिक मिरर', म्हणजे तिशीत. 'गोरिला' १९८३चं.

तेव्हा नोकरी धरायला हरकत नाही, फक्त हात ज्यात चालेल अशी धरा. आणि पुस्तक करताना सुटं सुटं सुंदर चित्र काढत बसू नका, ब्राऊन आधी सिनेमासारखा छोट्या चौकटींचा स्टोरीबोर्ड करतो, कुठे कॅमेरा जवळ, कुठे लांब, पान कुठे उलटणार, ते ठरलं की मग रंग.

प्रश्न : अँथनी ब्राऊनला नक्की कोणकोणते पुरस्कार मिळालेत? शाळेतल्या भिंतीवर लावायचेत.

उत्तर : मुख्य तेवढे देते. मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांसाठीचं ब्रिटनचं केट ग्रीनअवे मेडल दोनदा, 'गोरिला' आणि 'झू' ह्यांना. २००० साली बालसाहित्याचा आंतरराष्ट्रीय हॅन्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार, हा एका पुस्तकाला नसतो, आयुष्यभराच्या कामाला असतो, आणि चित्रकारांमध्ये तो मिळालेला हा पहिला ब्रिटिश. २००९ ते २०११ ब्रिटनचा चिल्ड्रन्स लॉरिएट, म्हणजे मुलांच्या पुस्तकांचा मानाचा दूत.

पण बाई, नुसती यादी कोण वाचणार भिंतीवर? त्यापेक्षा त्याचा शेप गेम लावा. लहानपणी तो भावाबरोबर खेळायचा, ह्याच नावाचं पुस्तकही आहे त्याचं. एकाने कागदावर कसलाही आकार काढायचा, काही ठरवायचं नाही, वेडावाकडाच हवा, आणि दुसऱ्याने दुसऱ्या रंगाच्या पेनाने त्यात भर घालून त्याचं काहीतरी करायचं. एकच आकार तीस झेरॉक्स करून वर्गात वाटा आणि सगळे शेजारी शेजारी चिकटवा. तुमचाही एक लावा, टीचरनी नुसतं बघत उभं राहायचं नाही.