वाचकांचे प्रश्न : ऑपरेशननंतर पोट साफ होत नाही, इसबगोल देऊ का?

प्रश्न : आईचं वय ७८. खुब्याचं हाड मोडल्यामुळे सांधा बदलला. दवाखान्यातला आज पाचवा दिवस, पोट साफ झालेलं नाही. सकाळपासून मात्र थोडं थोडं पातळ होतंय. नातेवाईक इसबगोल आणि एरंडेल द्यायला सांगतात. देऊ का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही देऊ नका. पाच दिवसांनी असं पातळ होणं म्हणजे पोट मोकळं झालं, असं नव्हे. अनेकदा गुदाशयात कडक मळाचा गोळा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. घरचे ते जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात आणि अडथळा वाढतो. आजच डॉक्टरांना सांगून बोटाने तपासणी करून घ्या. गोळा असेल तर तो आधी खालूनच काढावा लागतो. दुकानातून एनिमा आणून स्वतः देऊ नका. मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धांना फॉस्फेटचा एनिमा घातक ठरू शकतो.

चमचाभर इसबगोल नीट फुगायला पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिली पाणी हवं. झोपून असलेल्या आणि जेमतेम पाणी पिणाऱ्या पेशंटच्या आतड्यात त्याचा चिकट लगदा अडकतो. त्यात ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक चालू असेल तर आतड्याची हालचालच मंदावलेली असते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही मळ घट्ट करतात. एरंडेलाने मुरडा येतो, अंगातलं पाणी जातं. औषधं परस्पर बंद करू नका. ‘वेदनाशामकासोबत पोट साफ होण्याचं औषध लिहिलंय का?’ एवढं विचारा. लॅक्ट्युलोज या मळ मऊ करणाऱ्या औषधाला एक-दोन दिवस लागतात, दुसऱ्या सकाळी ते निरुपयोगी ठरवू नका.

पाणी कमी पिण्याचं खरं कारण बहुधा बेडपॅनचा संकोच असतो. पडदा ओढा, बाकीच्यांना बाहेर पाठवा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर बंधन नसेल तर सकाळी सातपासून दर तासाला अर्धा पेला द्या; संध्याकाळपर्यंत दीड लिटर होतं.

चहा-बिस्किट, साबुदाणा, मऊ भात यांत चोथा नगण्य. गोळा निघाल्यावर वाटीभर पिकलेली पपई, आठ-दहा भिजवलेल्या मनुका, दुधी-गाजर घातलेली मुगाची खिचडी सुरू करा. मधुमेह असेल तर फळाचं प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारा. कवळी घरी राहिली असेल तर आधी ती आणा. चावता येत नाही म्हणूनच पुष्कळांची भाजी ताटात उरते.

न्याहारीनंतर वीस-तीस मिनिटांत आतड्याची ओढ सर्वांत जोरदार असते. त्याच वेळी फिजिओथेरपिस्टच्या मदतीने कमोडच्या खुर्चीवर बसवा. आडवं राहून जोर लागत नाही. पायाखाली स्टूल घ्यायचा सल्ला एरवी चांगला, पण आईंना तो नको. सांधा बदलल्यावर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायला बहुतेक सर्जन सुरुवातीला मनाई करतात, कारण सांधा निखळू शकतो. त्यांना उंच बैठकच हवी.

उलटी, फुगलेलं पोट, वायू न सरणं, लघवी तुंबणं किंवा अचानक असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर राउंडची वाट न पाहता लगेच ड्युटी डॉक्टरांना बोलवा.