मिठाला कसली आलीय एक्स्पायरी?

प्रश्न : परवा किराण्याचे डबे पुसायला काढले तर मिठाचा एक न फोडलेला पुडा मागं सापडला, तारीख उलटून चार महिने झालेले. मुलगा म्हणतोय फेकून दे, सासूबाई म्हणतायत मीठ कधी नासतंय होय, आमच्या वेळी बरणीतलं खडेमीठ वर्षानुवर्षं चालायचं. मधाच्या बाटलीवर पण तारीख आहे. नासतच नाही तर तारीख कशाला, आपण नवीन घ्यावं म्हणूनच ना?
– एक गृहिणी, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे, निदान मिठापुरतं तरी. जंतूंना जगायला पाणी लागतं आणि मीठ, साखर, मध ते पाणीच ओढून घेतात, मग तिथं कुणाचं बस्तान बसणार? तुमच्या सोलापूरची कडक भाकरी इतके दिवस टिकते ती पण त्यात ओल नसते म्हणूनच.

मग तारीख का, तर एक म्हणजे कायदा. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत थोड्या वस्तूंना सूट आहे, पण बाकी पाकीटबंद मालावर एक्स्पायरी किंवा 'यूज बाय' टाकावीच लागते, 'बेस्ट बिफोर', म्हणजे माल तोवर उत्तम दर्जाचा राहील ही तारीख, मात्र कंपनीच्या मर्जीवर. दुसरं, तुमच्या पुड्यात नुसतं मीठ नाहीये, त्यात आयोडीनसाठी पोटॅशियम आयोडेट हा क्षार घातलेला असतो, आपल्या घरी येईपर्यंत किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन राहायला हवं असा नियम आहे, आणि ओलावा, उष्णता, उजेड यांनी ते हळूहळू उडतं. म्हणजे तारीख मिठाची नाही, आयोडीनची आणि त्या प्लॅस्टिकच्या पाकिटाची. सासूबाईंच्या खडेमिठात वरनं घातलेलं आयोडीन नव्हतंच, त्यामुळं बरणीला कधी तारीख लागली नाही! कंपनीला नवीन पुडा खपवायचा असतो हे थोडंफार खरं असेलही, पण सगळं खापर तिच्यावर फोडू नका.

फेकू नका. मी असते तर तो पुडा लोणच्याला नाहीतर सांडगी मिरचीला वापरला असता आणि रोजच्या भाजीआमटीला नवीन फोडला असता.

मध खाली बसून साखरेसारखा झाला तर तो खराब नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर उकळू नका. फेस आलाय, आंबूस वास येतोय, तर मात्र टाका. आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर जुना-नवा कुठलाच मध चाटवायचा नाही, आजी कितीही म्हणाली तरी. त्यातल्या जंतूच्या बीजाणूंनी इतक्या लहान बाळाला बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो, मोठ्यांना त्याचा सहसा त्रास होत नाही.

खरी काळजी मला वेगळ्याच डब्याची वाटते, ज्याच्यावर तारीखच नसते. घरची शेंगा चटणी. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच, त्यात कुटून कुटून ते बाहेर काढलेलं, हवा लागली की खवट व्हायला सुरुवात, आणि सोलापूरचा मे महिना म्हणजे पारा चाळिशीच्या पुढं. ओला चमचा गेला तर बुरशी वेगळीच. दाणे आधीच बुरसलेले असतील तर भाजून पण अफ्लाटॉक्सिन हे विष पूर्ण जात नाही, म्हणून काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे कुटायच्या आधीच निवडून टाका. उन्हाळ्यात थोडी थोडी करा, बाकीची फ्रीजमध्ये ठेवा.

मिठाचं राहू दे, आज आधी तो चटणीचा डबा उघडून हुंगून बघा.