ड्रायव्हरचा प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर ते सुरू करणारं फंक्शन) फसला की थोड्या वेळाने कर्नल (लिनक्सचा गाभा) भलतीकडेच, फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये, का कोसळतो? रॅम खराब असेल का, की सगळीकडे डेव्हएम (घेतलेलं सगळं आपोआप सोडणारी फंक्शन्स) वापरू?

रॅमला हात लावू नका. प्रोब एरर देऊन परत येतो आणि नंतर फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये पॅनिक होतो, असं तुम्हीच लिहिलंय. आधी एरर पाथ, म्हणजे प्रोब फसल्यावर कोड ज्या वाटेने बाहेर पडतो ती, तपासा.

पुण्यात एका कंपनीत असताना आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. लिनक्सवरचा सेन्सर ड्रायव्हर. त्यात आयआरक्यू (इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची हाक आली की आपला हँडलर चालवण्याची नोंदणी) आधी घेतलेला आणि रेग्युलेटर (वीजपुरवठा) नंतर मागितलेला. रेग्युलेटर तयार नसला की प्रोब डिफर व्हायचा, म्हणजे एरर देऊन नंतर पुन्हा चालवला जायचा. त्या वाटेवर ड्रायव्हरचं प्रायव्हेट स्ट्रक्चर केफ्री व्हायचं (त्याची मेमरी परत दिली जायची), पण फ्री_आयआरक्यू करून आयआरक्यू कुणी सोडलेलाच नव्हता. इंटरप्टची लाइन टचस्क्रीनबरोबर शेअर केलेली. म्हणजे कुणी स्क्रीनला बोट लावलं की आमचाही हँडलर धावायचा, आणि त्याची पहिलीच ओळ त्या स्ट्रक्चरमधला काउंटर एकने वाढवायची. तोवर स्लॅबने (कर्नलच्या मेमरी वाटणाऱ्याने) ती जागा दुसऱ्याच कुणाला दिलेली असायची. मग कोसळणार तो दुसराच!

रिव्ह्यूत मी हे आधीच लिहिलं होतं. लीड म्हणाले, "प्रोब फेल झाला तर डिव्हाइस चालणारच नाहीये, मग साफसफाई कुणासाठी?" वर माझे गोटूही (साफसफाईच्या ओळींवर उडी मारणारे) घाण म्हणून काढायला लावले. शेवटी केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) लावून कर्नल बिल्ड केला, तेव्हा रिपोर्टमध्ये तिन्ही स्टॅक आले: मेमरीला हात कुणी लावला, अलोकेट कुणी केली, फ्री कुणी केली. फ्री करणारा आमचाच प्रोब.

अहो, 2012 च्या 3.4 कर्नलपासून डिफर्ड प्रोब आहे. प्रोब फेल होणं ही रोजच्या बूटमधली गोष्ट आहे. आणि गोटूची लेबलं लावून, शेवटी घेतलेलं आधी सोडायचं, ही पद्धत कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येच दिलेली आहे. ती घाण कशी?

डेव्हएम जरूर वापरा, पण अर्धवट नको. आयआरक्यू डेव्हएमने घेतला आणि मेमरी हाताने केफ्री केली, तर प्रोब परत येईपर्यंत हँडलर जिवंतच राहतो, रोग तोच. डिव्हाइसची नोंद करणारं डिव्हाइस_रजिस्टर फेल झालं तरी केफ्री नाही, आपला हक्क सोडणारं पुट_डिव्हाइसच.

फेलस्लॅब (कर्नलमधली चाचणीची सोय) लावून अलोकेशन मुद्दाम फेल करा आणि तो लॉग जोडल्याशिवाय पॅच पास करू नका, मग पॅच सिनियरचा का असेना. एक राहिलं: साधा केसॅन एक अष्टमांश मेमरी स्वतःसाठी घेतो, त्यामुळे लहान बोर्डावर तो मावतो का ते आधी बघा.